उजवीकडून वाचायचा धडा

तफीला गावच्या मुलींच्या शाळेत संगणकाची खोली होती. खोलीत अठरा संगणक होते, त्यांतले सात चालत होते आणि खोलीची किल्ली भांडारपाल अबू रातिबच्या कमरेला होती. अबू रातिब दर मंगळवारी रजेवर असे. मिस नौफाचा सहावीचा तासही नेमका मंगळवारी असे.

"अबू रातिब, ही मंगळवारची रजा जरा बुधवारी घ्या ना."

"मिस, माझा गुडघा मंगळवारी दुखतो. त्याला तुमचं वेळापत्रक दाखवू का?"

पहिलं वर्ष नौफा भांडली. दुसऱ्या वर्षी तिनं किल्ली मागणंच सोडून दिलं. वर्गात एक तागाचं पोतं, एक परात आणि पाण्याची कळशी घेऊन आली. दार लावलं आणि फळ्यापुढे काठीसारखी ताठ उभी राहिली.

"आज मी मशीन. मला अक्कल नाही. तुम्ही सांगाल तेवढंच करणार. माझ्याकडून शराक करून घ्या."

शराक म्हणजे तव्यावरची ती कागदासारखी पातळ भाकरी. तफीलाच्या प्रत्येक पोरीनं आईला ती करताना रोज पाहिलेली. एक हात वर झाला, "मिस, पीठ घ्या." नौफानं अख्खं पोतं उचलून छातीशी धरलं. "पाणी घाला!" तिनं कळशी पोत्यावरच उपडी केली. वर्गात असा कल्लोळ झाला, की मुख्याध्यापिकाबाई धावत आल्या. चिखल झालेल्या पिठात उभ्या नौफानं चेहऱ्यावरची रेषही हलवली नाही. "मशीनला हसू येत नाही," ती म्हणाली. त्या तासाच्या शेवटी चौतीस मुलींनी मिळून आठ पायऱ्या लिहिल्या. एकही चूक नसलेल्या.

इथून तिचा अभ्यासक्रम सुरू झाला. तेव्हा त्याला अभ्यासक्रम म्हणायची तिचीही हिंमत नव्हती. ती वह्या लिहायची, एवढंच. जैतुनाच्या बागेतली काळी नळी कुठंतरी गळते आहे, पाणी आठवड्यातून एकदाच येतं, सगळी नळी हातानं चाचपायला वेळ नाही. मग काय करायचं? नळी मधोमध चिमटायची. गळती वरच्या अर्ध्यात की खालच्या? मग त्या अर्ध्याचा अर्धा. सातव्या चिमटीत भोक सापडतं. मुली हे बागेत जाऊन करून यायच्या आणि बाप विचारायचे, "हे कोणी शिकवलं?" संगणकाला हात न लावता पोरी संगणकासारखं नेमकं बोलायला शिकत होत्या. पाच वर्षांत अकरा वह्या भरल्या. प्रत्येक धड्याला तिनं स्वतः चित्रं काढली. शराकच्या धड्यात तव्यापुढे बसलेली बाई तिची आई, मुलाच्या नावानं ओळखली जाणारी उम्म सायेल. कपाळावरचा पदर, एक गुडघा वर, तोंडावर आठ्या. आठ चौकटी, उजवीकडून डावीकडे, पहिल्या चौकटीत पीठ, आठवीत घास.

"माझ्या नाकावर एवढा मोठा तीळ कशाला काढलास?" आईनं विचारलं.

"आहे म्हणून."

"मशीनसारखं बोलू नकोस माझ्याशी."

हियाम आली ती या टप्प्यावर.

हियाम आणि नौफा विद्यापीठात चार वर्षं एका खोलीत राहिलेल्या. एकीच्या पदव्या पुढे वाढत गेल्या, ती डॉक्टर हियाम होऊन राजधानीत, अम्मानला गेली आणि शालेय पुस्तकं ठरवणाऱ्या समितीवर बसली. दुसरी तफीलात राहिली, कारण भाऊ सायेल लष्करात होता आणि घरी म्हातारी माणसं होती. पण मैत्री पक्की. हियाम गावी आली की आधी नौफाच्या स्वयंपाकघरात यायची, मग स्वतःच्या आईकडे.

त्या दिवशी तिनं टेबलावरची वही सहज चाळली. मग खुर्ची ओढून बसली. मग दुसरी वही मागितली. चहातली सेजची सुगंधी पानं गार पडून काळी झाली.

"नौफा, बये, हे काय करून ठेवलंयस! आम्ही अम्मानमध्ये दोन वर्षं बैठका घेतोय आणि आमच्याकडे फक्त बैठकांची टिपणं आहेत."

"उगाच चढवू नकोस मला."

"खरं सांगते. निम्म्या शाळांमध्ये संगणक बंद आहेत आणि आम्ही पहिला धडा लिहिलाय 'संगणक सुरू करा'." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "मला दे. समितीपुढे ठेवते. तुझ्या नावानं."

"माझं नाव कोणाला माहीत आहे तिथं?"

"होईल माहीत. पुस्तकाच्या पहिल्या पानावर असेल. सहावीचं पुस्तक, लेखिका नौफा. तुझ्या आईचं नाक सगळ्या देशात जाईल."

अकराच्या अकरा वह्या हियामच्या गाडीत गेल्या. आधी शाळेतल्या यंत्रावर नौफानं पानांच्या नकला काढून ठेवल्या, त्याही भीतीपोटी नाही. पुढच्या मंगळवारी शिकवायला काहीतरी हवं होतं म्हणून. महिन्याभरानं हियामचा फोन आला, की पैसे देणाऱ्या बाहेरच्या संस्थेला वाचायचंय, म्हणून इंग्रजी भाषांतर करून घेतलंय. नौफाला कोण अभिमान! तिनं मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, त्यांनी शिक्षिकांना आणि शिक्षिकांनी गावाला.

मग दीड वर्ष काहीच नाही. फोन केला की हियाम म्हणे, "चाललंय, सरकारी काम आहे, उंटाला जिना चढवायचाय."

ऑगस्टच्या शेवटी नवी पुस्तकं शाळेत आली. नौफानं गठ्ठ्याची दोरी दातांनी तोडली. पहिल्या पानावर एका परदेशी कंपनीचं नाव होतं. खाली, 'अरबी आवृत्तीचं संपादन: डॉ. हियाम' आणि समितीतल्या सहा जणांची नावं. तिचं नाव कुठं नव्हतं.

तिनं पान उलटलं. पहिला धडा, 'पिझ्झा कसा बनवाल?' आठ चौकटी. तव्याच्या जागी भट्टी, उम्म सायेलच्या जागी पांढऱ्या उंच टोपीतली गोरी बाई, नाव सय्यिदा साली, म्हणजे सॅलीबाई. दुसरा धडा हिरवळीवरच्या कारंज्याचा. कारंज्याची नळी गळतेय, मधोमध चिमटा. सातव्या चिमटीत भोक सापडतं. सातव्याच.  जणू नौफाची मुलगी परदेशात शिकून, नाव बदलून परत आली होती आणि आईला ओळख देत नव्हती.

आणखी एक गोष्ट तिच्या उशिरा लक्षात आली. इंग्रजीतून पुस्तक पुन्हा अरबीत आणताना अक्षरं वळवली, पण चित्रं कोणी वळवली नव्हती. चौकटी डावीकडून उजवीकडे तशाच राहिल्या होत्या, क्रमांकही न घालता. अरबी वाचणारं मूल उजवीकडून सुरू करणार. तिनं पुस्तक घरी नेलं आणि शेजारच्या घरातल्या एका पाचवी पास पोरीला हाक मारली.

"हे वाच आणि काय चाललंय ते सांग."

पोरीनं बोट उजव्या चौकटीवर ठेवलं. "ही बाई आधी खाते. मग भाजलेलं भट्टीतून काढते. मग... मग कच्चं करते. मग त्याचा गोळा करते, मग पीठ वेगळं करते." ती थांबली. "मिस, ही बाई वेडी आहे का?"

क्रम शिकवण्याचा धडा, तोच उलटा. तिनं संध्याकाळी हियामला फोन लावला.

"मला वाटलंच होतं तू फोन करशील," हियाम म्हणाली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"नौफा, ऐक. संस्थेची अट होती, की पुस्तक त्यांच्या मान्य कंपनीचं हवं. त्यांना साहित्य दिलं. त्यांनी ते... त्यांच्या पद्धतीनं केलं. तफीलाच्या एका शिक्षिकेचं पुस्तक म्हणून कोणी छापलं नसतं."

"मग नसतं छापलं."

"म्हणजे ती मुलं तशीच राहिली असती! निदान धडे तरी पोचले ना?"

"उलटे पोचले, हियाम. चित्रं उलटी आहेत."

"उलटी म्हणजे?" हियामनं विचारलं. हियामनं चित्रं पाहिलीच नव्हती. ज्या बाईचं नाव संपादक म्हणून छापलं होतं, तिनं पान उघडून बघितलं नव्हतं, हे त्या प्रश्नातून कळलं. चोरीपेक्षा ते नौफाला जास्त लागलं.

तिनं तक्रार केली. साध्या कागदावर, स्वच्छ अक्षरात: धडे माझे आहेत, पुरावा म्हणून नकला जोडल्या आहेत, आणि चित्रं ताबडतोब वळवावीत, कारण मुलांचं नुकसान आहे. अम्मानहून उत्तर आलं. पुढच्या रविवारी, म्हणजे आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी दहा वाजता समितीचे प्रमुख डॉ. नायिफ यांच्यासमोर सुनावणी. नौफानं नकला कापडी पिशवीत घातल्या आणि पिशवी दाराच्या खिळ्याला टांगली.

त्याआधीच्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, चार गाड्या दारात थांबल्या.

उम्म सायेलनं खिडकीतून पाहिलं. "अकरा माणसं! आणि पुढे कोण आहे बघ, फव्वाज बाशा!" बाशा म्हणजे निवृत्त सेनाधिकारी, अख्ख्या जिल्ह्यात ज्याचा शब्द खाली पडत नाही असा. अशी मंडळी अशी मिळून आली म्हणजे काहीतरी मागायला आली. म्हातारीनं नौफाच्या केसांवरून हात फिरवला. "एक्केचाळिसाव्या वर्षी का होईना, आलं कोणीतरी मागायला."

"आई, गप गं."

"तोंड धू. त्या खडूची पावडर काढ."

बाहेरच्या खोलीत नौफाचे वडील, अबू सायेल, पाहुण्यांना गाद्यांवर बसवत होते. आयुष्यभर ते पाटबंधारे खात्यात वॉल्व्ह उघडणारे-मिटणारे होते. बाशा त्यांच्या दारात कधी आला नव्हता. त्यांना वाटत होतं, वरच्या अंगाच्या जैतुनाच्या बांधाचं असेल काही. रजेवर आलेला सायेल कॉफीची पितळी किटली घेऊन उजव्या हातानं लहान लहान कप भरत गेला.

तेवढ्यात मागच्या दारानं हियाम आत आली. बायकांच्या बाजूनं, स्वयंपाकघरात. नौफा तिच्याकडे बघत राहिली. हियाम जमिनीकडे.

"तू आणलंस यांना?"

हियामनं मागचं दार लावून घेतलं. उम्म सायेलचा हात पदराशी थांबला. तिला लग्नाचं नाही एवढं कळलं.

भिंतीपलीकडून बाशांचा आवाज आला. त्यांनी कप समोर जमिनीवर ठेवला होता. पाठोपाठ दहा कप खाली ठेवल्याचे लहान लहान आवाज आले.

"अबू सायेल, तुमची कॉफी आम्ही मागणं पुरं झाल्याशिवाय घेणार नाही."

हा क्षण नौफानं पुढे हजारदा मनात घोळवला. बापानं फक्त "काय मागणं आहे?" एवढं विचारायला हवं होतं. तीन शब्द. रीत त्याला आडवी येत नव्हती. जाणते यजमान विचारतात. पण ज्यांच्या दारी मोठी माणसं क्वचित येतात, ते विचारत नाहीत. विचारणं म्हणजे हात आखडणं, असं त्यांना वाटतं.

"प्या, बाशा," अबू सायेल म्हणाले, आणि आवाजात कौतुक मावत नव्हतं. "जे मागायला आलात ते मिळालं. देव साक्षी."

अकरा कप उचलले गेले. कॉफी प्यायली गेली. मग बाशांनी गळा साफ केला. "तुमच्या मुलीनं डॉक्टर हियामविरुद्ध एक तक्रार दिली आहे. दोघी एकाच गावच्या लेकी. रविवारी ती तक्रार मागे घेतली जाईल. देव तुमचा मान वाढवो."

 मग अबू सायेलांचा आवाज, एकदम म्हातारा झालेला: "झालं. शब्द दिला."

नौफा हियामच्या समोर जाऊन उभी राहिली. अगदी जवळ, चार वर्षं एका खोलीत राहिलेल्या माणसाच्या अंतरावर.

"वह्या मागितल्यास त्या माझ्याकडून. हे माझ्याकडून मागायला आली असतीस तर?"

"तू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"माझी नोकरी जाईल, नौफा. दोन पोरं आहेत माझी."

"माझ्या वर्गात चौतीस आहेत."

हियामनं तिचे गाल चुंबायला मान पुढे केली. रीत असते तशी. नौफानं मान मागे घेतली नाही, पुढेही केली नाही. हियामचे ओठ तिच्या कानाजवळच्या हवेत दोनदा वाजले.

पाहुणे गेल्यावर उम्म सायेल बाहेरच्या खोलीत गेली. रिकामे कप तिनं असे गोळा केले, की एकेक आदळत होता.

"काय मागतायत ते विचारावं तरी माणसानं! उद्या कोणी माझंच डोकं मागितलं असतं तर?"

"बाशा आला होता दारात," अबू सायेल पुटपुटले.

"बाशाला काय भाकरी थापता येते? त्या पोरीनं पाच वर्षं वह्या लिहिल्या. माझं चित्र होतं त्यात. नाकासकट! ते काढून टोपीवालीचं लावलं त्यांनी, आणि तुम्ही म्हणालात प्या!"

अबू सायेल उठून नौफाच्या दारात आले, आत आले नाहीत. रात्रीचं जेवण झालं, कोणी नीट जेवलं नाही. शनिवारीही घरात भांड्यांचेच आवाज होते.

रविवारी पहाटेच्या बसमध्ये वडील तिच्यासोबत चढले. कापडी पिशवी तिच्या मांडीवर होती. करक गाव मागे पडलं. मग ते म्हणाले, "पोरी, मला ठाऊक असतं तर..."

"विचारलं असतंत, याबा, तर ठाऊक झालं असतं."

"तू जाऊन तुझं म्हणणं मांड. मी बाशाला तोंड देईन."

ते खरंच तसं म्हणाले. नौफानं त्यांच्याकडे पाहिलं. दाढी केलेली, लग्नाकार्यातला काळा कोट, मांडीवर ठेवलेले, वॉल्व्ह फिरवून जाड झालेले हात. दिलेला शब्द मोडला, तर तफीलात त्यांच्या दारात पुन्हा कोणी कॉफी घेणार नाही. सोयरिकी, भांडणं, माती, सगळ्यांतून तो माणूस वजा होईल. ते तिला मोकळं करत होते आणि ती मोकळी होऊ शकत नव्हती. तिला त्या क्षणी बापाचा जेवढा राग आला, तेवढा हियामचाही आला नव्हता.

डॉ. नायिफांच्या खोलीत गार वारा सोडणारं यंत्र होतं आणि लांब टेबल होतं. टेबलाच्या टोकाला हियाम बसलेली. अबू सायेल बाहेर बाकावर.

"तर, उस्ताजा नौफा," डॉ. नायिफ म्हणाले, "मी ऐकलं, की तुम्हांला काही सांगायचंय."

"तक्रार मागे घेते."

"उत्तम. गावच्या गोष्टी गावात मिटाव्यात."

"चित्रं वळवा. एवढंच करा."

"कुठली चित्रं?"

तिनं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. ते डोळे बारीक करून बघत राहिले. त्यांचं बोट उजवीकडून निघालं, तिसऱ्या चौकटीत अडखळलं, परत उजवीकडे गेलं. त्यांनी हियामकडे पाहिलं. हियामनं पाण्याचा पेला उचलला.

"पुढच्या आवृत्तीत बघू," ते म्हणाले. "सगळी छापून वाटून झाली आहेत. पण तुमची तळमळ मला आवडली. दक्षिण भागाच्या शिक्षकांना हे पुस्तक शिकवायचं प्रशिक्षण द्यायला माणूस हवाय. कराल?"

स्वतःचीच चोरलेली वस्तू स्वतःच्या हातांनी घरोघर वाटायची नोकरी. पुस्तक कोणाचं, हे न बोलायच्या अटीसकट. अट कोणी उच्चारली नाही, ती त्या अकरा कपांत आधीच ओतलेली होती. नकार तिच्या ओठांवर आला होता. पण दक्षिणेतले साठ शिक्षक फळ्यापुढे उभे राहून साठ वर्गांना आधी खायला आणि मग पीठ मळायला शिकवणार होते.

"करते," नौफा म्हणाली.

हियाम जिन्यापर्यंत तिच्या मागे आली. "पुढच्या आवृत्तीत आभाराच्या पानावर तुझं नाव घालायला सांगते मी."

"नको. माझं नाव तू आता तोंडातही घेऊ नकोस." आणि ती बापाचा हात धरून जिना उतरली, कारण त्यांना पायऱ्या नीट दिसत नव्हत्या.

पहिलं प्रशिक्षण मआन गावच्या एका शाळेत झालं. साठ शिक्षक आणि शिक्षिका, पंखा बंद, प्रत्येकासमोर नवं कोरं पुस्तक. पुढच्याच बाकावर एक जाड मिशांचा शिक्षक बसला होता, तीस वर्षं वर्गात काढलेला. नौफानं पहिला धडा उघडायला सांगितला. त्यानं उघडला, वाचला, आणि पुस्तक बाकावर आपटलं.

"मिस, तुमच्यावर राग नाही. पण हे ज्यानं कोणी लिहिलं, त्यानं जन्मात कधी वर्गात पाय ठेवलेला नाही. पोरांचं तोंडही पाहिलेलं नाही!"

साठ जण हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "आणि आपली भाकरी खाल्लेली नाही!"

नौफा फळ्यापाशी उभी होती. हातात खडू. तिनं हसं ओसरू दिलं.

"हो," ती म्हणाली. "बरोबर आहे तुमचं. आता पेन्सिली काढा, आणि सर्वांत डावीकडच्या चौकटीवर 'एक' असं लिहा."

साठ पेन्सिली कागदावर सरकल्याचा आवाज आला. मिशीवाल्यानं सगळ्यांत शेवटी लिहिलं, कुरकुरत. तिनं फळ्याकडे तोंड केलं, आणि आठपर्यंतचे आकडे काढून होईस्तोवर वळली नाही.